निवृत्तीनंतर प्रवास लगेच करावा की दोन-चार वर्षं थांबावं?

अजिबात थांबू नका. ज्याला गुडघे लागतात ते आधी: डोंगर चढणं, लांबचे प्रवास. वाचन, नवं वाद्य शिकणं पंचाहत्तरीतही जमतं. माझे वडील "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत राहिले आणि मग गुडघ्यांनी साथ सोडली. त्यांचे चढाईचे बूट अजून खोक्यात आहेत, तळव्यांना माती लागलेली नाही. बघितले की आजही गलबलून येतं.

तब्येत मात्र राखावी लागते. स्नायूंची ताकद साठीनंतरही व्यायामाने वाढते. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि ३ दिवस तोल सांभाळण्याचा सराव सुचवते.

पैशांचं म्हणाल तर औषधपाण्याची रक्कम आधी बाजूला काढा आणि उरलेल्यातून पहिलं तिकीट याच महिन्यात काढा.