थंडीत कॅम्परमध्ये चौघांच्या अंघोळीला गरम पाणी कसं पुरवायचं?

तुम्ही लिहिलंय की टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून घेतलाय, त्यात गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा 20 लिटरचा गीझर आहे. उन्हाळ्यात चौघांच्या अंघोळी व्हायच्या, आता नाशिकच्या थंडीत दुसऱ्याच्या अंगाला साबण असतानाच पाणी गार पडतं. गीझर बिघडलाय का, मोठा घ्यावा का, की गॅरेजवाला म्हणतो तसा घरातला इन्स्टंट गॅस गीझर बाथरूममध्ये बसवावा?

गीझर बहुधा ठणठणीत आहे. मोठा इतक्यात घेऊ नका. आणि गॅरेजवाल्याचं ते अजिबात ऐकू नका, त्याबद्दल खाली लिहिते.

आपण गीझरकडे बघतो, पण खरी गोम गार पाण्यात आहे. अंघोळीला साधारण 40 अंशांचं पाणी लागतं. गीझरमध्ये 60 अंशांचं 20 लिटर पाणी आहे आणि त्यात मिसळायचं पाणी उन्हाळ्यातलं, 28 अंशांचं आहे, तर अंघोळीजोगं सुमारे 53 लिटर पाणी होतं. डिसेंबरात तेच पाणी 14 अंशांवर आलं की सुमारे 35 लिटर. हा कागदावरचा हिशोब, हातात त्याहून थोडं कमीच येतं. साध्या शॉवरमधून मिनिटाला 10 लिटर सहज जातात, म्हणजे सगळा साठा साडेतीन मिनिटांत संपला. शिवाय उन्हाळ्यात थोडं कोमट पाणीही चालून जातं, थंडीत चालत नाही.

म्हणून सर्वांत आधी टाकीत भरायचं पाणी बघा. नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको की थंडीत पहाटे गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चावतं, आणि त्याच वेळी विहिरीचं पाणी कोमट लागतं. जमिनीखालचं पाणी ऋतूप्रमाणे फारसं बदलत नाही, वर्षाच्या सरासरी तापमानाच्या आसपास राहतं. आपल्याकडे ते 24-25 अंशांच्या घरात येतं. 24 अंशांचं पाणी भरलं तर त्याच गीझरमधून 35 ऐवजी 45 लिटर निघतात, तेही एक पैसा खर्च न करता. दिंडोरी किंवा निफाडकडे द्राक्षबागेत मुक्काम असेल तर मी मालकांना विचारून थेट विहिरीच्या मोटरवर पाणी भरून घेते, सहसा कोणी नाही म्हणत नाही. विहीर नसेल तर दुपारी तीन-चारच्या सुमारास भरा, पहाटे नको.

तुमची पाण्याची टाकी टपावर असेल तर ती आत, सीटखाली घ्या. निरभ्र रात्री टपावरून उष्णता थेट आकाशाकडे निघून जाते आणि वरचं पाणी भोवतीच्या हवेपेक्षाही गार होऊ शकतं. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो अशा रात्री हा फरक सकाळी चांगलाच जाणवतो.

दुसरं काम शॉवरचं. मिनिटाला 5 लिटरच्या आसपास पाणी देणारा हँड शॉवर घ्या, त्याच्या दांडीवरच बंद-चालूचं बटण असावं. अंग भिजवा, बंद करा, साबण लावा, मग धुवा. शॉवर अंगाजवळ धरा. वरून पडणारे बारीक थेंब गार हवेत बरीच उष्णता गमावतात, त्यामुळे डोक्यापाशी गरम वाटणारं पाणी पायाशी पोचेस्तोवर गार झालेलं असतं. आमच्या सासूबाई शॉवर वापरतच नाहीत, बादलीत पाणी काढून तांब्याने घेतात, आणि पंधरा लिटरच्या आत त्यांची व्यवस्थित अंघोळ होते. चौघांपैकी दोघांनी जरी असं केलं तरी तुमचं गणित जमेल. नळ सोडल्यावर पहिलं जे गार पाणी येतं तेही बादलीतच धरा, वाया घालवू नका.

आणखी एक गोष्ट. जुन्या तांब्याच्या बंबात वरच्या तोंडातून गार पाणी ओतलं की ते तळाशी जायचं आणि गरम पाणी वरून बाहेर यायचं, तसंच या गीझरमध्ये होतं. पाणी सावकाश घेतलं की गार-गरमाचे थर बऱ्यापैकी टिकतात. भसाभस घेतलं की आत सगळं ढवळून निघतं आणि टाकी अर्धी गरम असतानाच नळाला कोमट पाणी येतं. कमी धारेच्या शॉवरचा हा दुहेरी फायदा.

आता एक तपासणी करा. फक्त गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा आणि थर्मामीटर धरा. सुरुवातीला कडकडीत येऊन मग गार पडलं तर साठा संपतोय, वर सांगितलेले उपाय लागू. पण सुरुवातीपासूनच कोमट येत असेल तर कुठेतरी गार पाणी गरम लाइनीत घुसतंय. पुष्कळदा दोष बाहेर पाय धुवायला बसवलेल्या शॉवरचा असतो. त्याचे गार-गरम दोन्ही नळ उघडे आणि हातातलं बटण बंद असं राहिलं की दोन्ही लाइनी तिथे एकमेकींत मिसळतात. नळ नीट बंद करा, आणि प्लंबरकडून गार-गरम दोन्ही जोडांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, बसवून घ्या. गरम पाइपवर एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी चढवा, एसी दुरुस्तीवाल्याकडे मिळते.

थर्मोस्टॅट 70 वर नेला तर 14 अंशांच्या पाण्यातही 43 लिटरपर्यंत जाता येतं. पण 70 अंशांचं पाणी अंगावर आलं तर क्षणात भाजतं, त्यामुळे गीझरच्या तोंडाशी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात आपोआप गार पाणी मिसळणारी झडप) असल्याशिवाय हे करू नका. घरात लहान मूल असेल तर मुळीच नको.

वेळेचंही बघा. 20 लिटर पाणी 14 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण एक युनिट वीज लागते. मुक्कामी 2000 वॅटचा हीटर चालवता येत असेल तर अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ, आणि सोबत गॅसही लावला तर बराच कमी. म्हणजे दोघांनी सकाळी आणि दोघांनी नाश्त्यानंतर अंघोळ केली की प्रश्नच उरत नाही. बॅटरीवर मात्र हे काम टाकू नका. 12 व्होल्टची 200 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी गीझरची एक टाकी तापवण्यातच चाळीस टक्क्यांहून जास्त रिकामी होते.

आता तो इन्स्टंट गीझर. मिनिटाला 6 लिटरचा घरगुती गॅस गीझर सुमारे 10 किलोवॅट उष्णता देतो. त्यासाठी जळणाऱ्या गॅसला दहा मिनिटांत सुमारे दोन घनमीटर हवा लागते, आणि तुमच्या कॅम्परच्या बाथरूममध्ये एकूण हवाच जेमतेम तेवढी असेल. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. माणसाला गरगरायला लागतं आणि दार उघडायचंही भान राहत नाही. दर हिवाळ्यात घरातल्या बाथरूममध्ये असे जीव गेल्याच्या बातम्या येतात, आणि ती बाथरूम तुमच्यापेक्षा मोठी असतात. खिडकी उघडी ठेवू, असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका, थंडीत ती खिडकी कोणीतरी लावतंच. गॅसवरचा हीटर गाडीत हवाच असेल तर तो बाहेरून हवा घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा, सीलबंद ज्वलनाचाच हवा.

तुमचा सध्याचा गीझर तसा आहे ना, याची खात्री करून घ्या आणि त्याचं बाहेरचं धुराडं आजच बघा. गाडी काही महिने उभी असेल तर कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसली तर गीझर बंद ठेवून मेकॅनिकला बोलवा. झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याचा अलार्म वेगळा आणि जमिनीलगत हवा.

पहाटे गॅसची ज्योत मंदावत असेल तर तो गीझरचा दोष नसतो. छोट्या, अर्ध्या रिकाम्या सिलिंडरमधून थंडीत वेगाने गॅस घेतला की सिलिंडर स्वतःच गार होतो आणि दाब पडतो. त्यावर गरम पाणी ओतणं किंवा जाळ दाखवणं असले उद्योग करू नका, भरलेला सिलिंडर जोडा.

एवढं करूनही जानेवारीत पाणी कमी पडलं, तर मोठ्या गीझरऐवजी इंजिनाच्या कूलंटवर, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या उष्णतेवर, पाणी तापवणारी, चांगलं इन्सुलेशन असलेली टाकी बघा. कूलंट चालत्या गाडीत 80-90 अंशांवर असतो, त्यामुळे नाशिकहून भंडारदऱ्याला पोचेपर्यंत पाणी फुकटात तापलेलं असतं आणि संध्याकाळच्या अंघोळीला गॅस लागतच नाही.