विद्यार्थी नसताना गोखले इन्स्टिट्यूटमधल्या व्याख्यानांना गेलं तर चालतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम. होऊन सात वर्षं नोकरी करताय, पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट या अर्थशास्त्राच्या संस्थेत जाहीर व्याख्यानं असतात असं ऐकलंय, पण तुम्ही तिथले विद्यार्थी नाही आणि इंग्रजीही बेताचं. गेलात तर कुणी हटकेल का, आणि मुळात काही कळेल का?

जा. पत्रकावर ‘जाहीर’ लिहिलं असेल तर ते तुमच्यासाठीच लिहिलंय. मी एका सहकारी बँकेत काम करते. दहा-बारा वर्षं झाली, शहरात अशी व्याख्यानं असली की बँक सुटल्यावर जाते. हटकलं कुणीच नाही. फार तर गेटवरच्या वहीत नाव आणि फोन नंबर लिहावा लागतो.

‘कळेल का’ याचं उत्तर मोठं आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा निम्म्याहून जास्त डोक्यावरून गेलं. विषय घरखर्चाच्या पाहण्यांचा होता, बोलणं सगळं इंग्रजीत. अर्ध्या तासानं उठावं की काय असं वाटायला लागलं, आणि तेवढ्यात पडद्यावर एक तक्ता आला: तृणधान्यं, डाळी, दूध, तेल, इंधन, कपडालत्ता. आमच्या घरी फ्रीजवर आईची वाणसामानाची वही असते. तिच्यात हेच रकाने, जवळजवळ याच क्रमानं. तिथून पुढचं मी नीट ऐकलं.

त्याच दिवशी कळलं की दारिद्र्यरेषेचा जो हिशेब पुढे देशभर गाजला, तो वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी याच संस्थेत काम करत असताना मांडला होता, १९७१ साली. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळतील एवढं अन्न परवडायला किती खर्च लागतो, तर १९६०-६१च्या भावानं खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. आकडा एवढासाच, पण त्यावर पन्नास वर्षं वाद चाललेत. बॅलन्सशीट वाचता येणाऱ्या माणसाला तो वाद समजायला काहीच अडचण नाही. तुम्ही बी.कॉम. आहात, म्हणजे रकान्यांची भीती तुम्हाला नसणार.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. दोन जणांनी प्रश्नाच्या नावाखाली आपलंच भाषण केलं (हे सगळीकडे होतं, मनावर घेऊ नका). मग मी उभी राहिले आणि सरळ मराठीत विचारलं, ‘आमच्या गावाकडे चुलीचं सरपण बायका रानातून गोळा करून आणतात, विकत घेत नाहीत. ते या तक्त्यात कुठे धरतात?’ अध्यक्षांनी वक्त्यांसाठी ते इंग्रजीत सांगितलं. उत्तर मिळालं की गोळा केलेल्या सरपणालाही तिथल्या भावानं किंमत लावतात आणि इंधनाच्या रकान्यात धरतात. मात्र ते आणायला बाईचे जे तास गेले, ते या तक्त्यात कुठेच येत नाहीत. हे उत्तर मी अजून विसरलेले नाही. माझी आजी रोज सकाळी मोळीला जायची. तिची मोळी हिशेबात आली, सकाळ आली नाही.

म्हणून इंग्रजीची काळजी सोडा. प्रश्न तुमच्या भाषेत विचारा, फक्त एकच विचारा आणि लहान विचारा.

आणखी एक सांगते, कारण ‘आपण तिथले नाही’ हे तुमच्या प्रश्नात मला दोनदा दिसलं. १९३०च्या दशकात अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या देखरेखीखाली या संस्थेनं पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. त्या पुस्तकाचा पहिला भाग १९४५ला आला, दुसरा १९५२ला. कुटुंबात किती माणसं, धंदा काय, मिळकत किती, हे पुणेकरांच्या घरी जाऊन विचारलं, तेव्हा ते पुस्तक झालं. हेच गाडगीळ पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे-पाटलांबरोबर सहकारी साखर कारखाना उभा करायला गेले आणि त्याचे अध्यक्षही झाले. सहकारात पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला ते आपले वाटतात. संस्था आपल्या दारात येऊन आपली माहिती घेऊन गेली आहे, तर आपण तिच्या दारात जाऊन ती ऐकायला संकोच कशाला?

पहिल्या खेपेला कुठल्या कार्यक्रमाला जावं? एखादं स्मृतिव्याख्यान निवडा. छोट्या चर्चासत्रात एकमेकांचे पेपर वाचून आलेली माणसं बोलत असतात. स्मृतिव्याख्यान मात्र मिश्र श्रोत्यांसाठी तयार केलेलं असतं, त्यामुळे वक्ता पायापासून सुरुवात करतो. ज्यांच्या देणगीतून १९३०मध्ये ही संस्था उभी राहिली, त्या रावबहादूर काळ्यांच्या नावाचं व्याख्यान इथे जुनं आहे. २९ जानेवारी १९३९ला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलं, पुण्याच्या गोखले हॉलमध्ये. विषय होता ब्रिटिशांनी केलेल्या १९३५च्या भारत सरकार कायद्यातली संघराज्याची योजना. भाषण आधीच छापून तयार होतं, पण फार लांबत होतं म्हणून बोलताना त्यांना काही भाग गाळावा लागला. पुस्तिकेत सगळं दिलंय, असं त्यांनी स्वतःच प्रस्तावनेत सांगितलंय. महाराष्ट्र शासनानं काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात ते आहे. हे वाचल्यापासून मी एक सवय लावून घेतलीय: ऐकलेलं व्याख्यान छापून आलं की मिळवायचं आणि पुन्हा वाचायचं. हॉलमध्ये निसटलेलं बरंच तेव्हा हाती लागतं.

विद्यार्थ्यांच्या सांस्कृतिक कार्यक्रमांचं वेगळं आहे. स्नेहसंमेलन हे मुलांचं घरचं कार्य, तिथे ओळखीनं किंवा विचारूनच जावं. काही कार्यक्रम सगळ्यांना खुले ठेवतात, ते पत्रकात लिहिलेलं असतं.

राहिला तुमचा शेवटचा, जरा लाजत विचारलेला प्रश्न: व्याख्यानानंतरच्या चहाला थांबावं का? थांबाच. संस्था गोपाळ कृष्ण गोखल्यांनी स्थापलेल्या ज्या भारत सेवक समाजाच्या आवारात आहे, तिथे फेब्रुवारी १९१५मध्ये गोखल्यांनी गांधींसाठी एक छोटी मेजवानी ठेवली होती. पाहुण्यांच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत, भुईमुगाच्या शेंगा, खजूर आणि ताजी फळं, एवढाच बेत. गप्पा मारायला म्हणून माणसं जमली होती. गोखल्यांना चार पावलं चालवत नव्हतं, तरी आले, आणि तिथेच त्यांना भोवळ आली. उचलून आत न्यावं लागलं. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप पाठवला, तुमचं चालू द्या. गांधींनी आत्मकथेत हे लिहून ठेवलंय. त्याच महिन्यात, १९ तारखेला, गोखले गेले.

मी हे वाचल्यापासून चहा न घेता कधी निघाले नाही. सरपणाच्या उत्तराचा उरलेला भागही मला तिथेच मिळाला. वक्ते कागदी कप हातात धरून माझ्याकडे आले आणि म्हणाले, तुमच्या आजी किती वाजता निघायच्या आणि किती वाजता परतायच्या, आठवतं का? मी सांगत गेले आणि त्यांनी ते खिशातल्या वहीत लिहून घेतलं.