मान घासून काळेपणा जाणार नाही

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझी मुलगी 21 वर्षांची असून तिचे वजन 68 किलो आणि उंची 152 सेंटिमीटर आहे. भरतीच्या परीक्षेसाठी ती दिवसभर अभ्यासिकेत बसते. दोन वर्षांपासून तिची पाळी तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात आणि मान काळी पडली आहे. बेसन-लिंबू लावून घासली तरी तशीच. थायरॉइडची तपासणी ठीक निघाली, उपाशीपोटी साखर मात्र 108 आली. तिचे जेवण फार नाही. लग्न झाले की सगळे सुरळीत होईल, असे शेजारच्या बाया सांगतात. काय करावे?
— एक आई, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आधी तिची मान घासणे थांबवा. तो मळ नाही. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणारे इन्शुलिन हे संप्रेरक दीर्घकाळ वाढलेले राहिले की मानेची आणि काखेची त्वचा जाड, मखमली व काळसर होते, आणि तुम्ही लिहिलेल्या बाकीच्या तक्रारींचा धागाही बहुधा तिथेच जुळतो.

पोटात आणि यकृतात चरबी साठली की स्नायू व यकृत इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे होतात, म्हणून स्वादुपिंड ते अधिकाधिक सोडत राहते. त्यामुळे साखर काही वर्षे आटोक्यात दिसते. पण हेच जादा इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके अधिक तयार करायला लावते आणि त्या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे, यकृतात बनणारे प्रथिन कमी करते. मग हनुवटीवर केस येतात, बीज वेळेवर बाहेर पडत नाही आणि पाळी लांबते. या अवस्थेला पीसीओएस म्हणतात. मात्र प्रोलॅक्टिन हे दुधाशी संबंधित संप्रेरक वाढणे, अशा अन्य कारणांची शहानिशा केल्याशिवाय तो शिक्का मारू नये.

तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 29.4 येतो. भारतीयांसाठी 25 पासूनच लठ्ठपणा धरतात. कंबरही मोजा, स्त्रियांमध्ये ती 80 सेंटिमीटरच्या वर असणे धोक्याचे. साखर 100 ते 125 ही मधुमेहाच्या आधीची पायरी असल्याने 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी होणारी तपासणी करून घ्यावी.

वजन वाढले की थायरॉइडला दोष देण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. प्रत्यक्षात थायरॉइड मंदावल्याने वाढणारे वजन सहसा थोडे किलोच असते, आणि त्यातही पाण्याचा वाटा मोठा. तपासणी ठीक असताना वजन उतरवण्यासाठी कोणी थायरॉइडच्या गोळ्या सुचवल्या तर घेऊ नयेत. हृदयाला त्रास होतो.

तिचे जेवण फार नाही, हे मला पटते. तरी पऱ्हाटीत दिवसभर राबणाऱ्या बाईला जे ताट पुरते, तेच बसून अभ्यास करणाऱ्या मुलीला जास्त होते, आणि साखरेचा चहा, बिस्किटे, आलूबोंडा यांना आपण जेवणात धरतच नाही. उपाशी ठेवू नका. भात कमी करून ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, पालेभाजी वाढवा, चहा बिनसाखरेचा द्या. भरतीत धावावे लागत असेल तर तो सराव आजच सुरू होऊ द्या. रोज पाऊण तास भरभर चालणेही चालेल. पाच ते दहा टक्के, म्हणजे साडेतीन ते सात किलो वजन उतरले तरी बऱ्याच मुलींची पाळी सुधारते. इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारणारे मेटफॉर्मिन हे औषध द्यायचे की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

लग्नाने यातले काहीच बरे होत नाही. पाळी महिनोन्‌महिने न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते, म्हणून दर तीन महिन्यांतून एकदा तरी पाळी यावी यासाठी डॉक्टर गोळ्या देतात. यवतमाळ किंवा सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागात तिला दाखवा. काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा पोटावर रुंद जांभळे पट्टे उमटले, तर कारण वेगळे आणि गंभीर असू शकते. तेव्हा परीक्षा संपेपर्यंत थांबू नका.