एका गांधीलमाशीच्या डीएनएवरून ती कुठल्या देशातून आली हे कळतं का?

कळतं, पण ताडून बघायला मूळ प्रदेशातल्या माश्या हाताशी असल्या तरच. या मुद्द्यावर माझं एक वर्ष पाण्यात गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी प्रयोगशाळेत गांधीलमाश्यांचा डीएनए काढायचो. चिमट्याने एक पाय उपटायचा, तोच कुटायचा, बाकी माशी अखंड ठेवायची. एकदा जुन्या संग्रहातल्या 40 बाटल्या आल्या. अल्कोहोलमध्ये माश्या उत्तम टिकल्या होत्या, डीएनएही स्वच्छ निघाला. पण कुठे पकडल्या ते बाटलीवर पेनाने लिहिलेलं, आणि झाकणातून पाझरलेल्या अल्कोहोलने शाई धुऊन नेलेली. माझ्या बोटाला निळा डाग लागला, अक्षर मात्र एकही वाचता येईना. वरिष्ठ म्हणाले, "ठिकाण डीएनएच सांगेल की!" अहो, कसं सांगेल? ज्याच्याशी ताडायचं तेच हरवलं होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत मानलं नाही.

फ्रान्समध्ये 2004 च्या सुमारास पिवळ्या पायांची आशियाई गांधीलमाशी घुसली. तिचं मूळ पूर्व चीनच्या झेजियांग-जिआंगसू भागात सापडलं, ते आशियातल्या ठिकठिकाणच्या माश्या कुणीतरी नीट नोंदी करून जमवल्या होत्या म्हणून. अनेक नरांशी मीलन झालेली एकच राणी आली असावी, इथवर अंदाज बांधता आला. राक्षसी गांधीलमाशी या आशियातल्याच दुसऱ्या, सर्वात मोठ्या जातीचंही तेच. 2019 मध्ये कॅनडातल्या नानाइमोला सापडलेली जपानच्या माश्यांशी जुळली, शेजारच्या, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली दक्षिण कोरियाच्या. इतक्या जवळ असूनही दोन स्वतंत्र शिरकाव! वर्तमानपत्रांनी 'खुनी माशी'चे मथळे छापले, खरी बातमी ही होती.

एक सांगायचं राहिलं. मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा, डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. राणीला किती नर भेटले हे पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएवरूनच कळतं, कारण त्यात बापाचाही वाटा असतो. शिवाय कळतो तो प्रदेश, जहाज नाही. फ्रान्समध्ये ती चिनी मातीच्या भांड्यांबरोबर आली म्हणतात, ते काही डीएनएतून निघालेलं नाही.

तुम्ही स्वतः माश्या जमवणार असाल तर ठिकाण आणि तारीख पेन्सिलीने कागदावर लिहा आणि तो कागद बाटलीच्या आत टाका. "बाहेर लिहिलंय की" असं कुणी म्हणालं, कितीही मोठ्या हुद्द्यावरचा असला, तरी ऐकू नका.