टू-वे टेबल शिकवताना सुरुवात काय-स्क्वेअरने करावी की टक्केवारीने? एक्सेल लागेल का?

टक्केवारीने. काय-स्क्वेअरचं (दोन गोष्टींचा संबंध आहे का, हे तपासायच्या आकड्याचं) नावही सुरुवातीला काढू नका. जरा तावातावाने लिहितोय, कारण याच मुद्द्यावरून एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी माझं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

वर्गात मी टायटॅनिकचा तक्ता देतो: ओळींत प्रवाशांचे वर्ग आणि कर्मचारी, रकान्यांत वाचले की नाही. हेच टू-वे टेबल. मी वापरतो त्या संचात 2201 माणसं, वाचली 711. पहिल्या वर्गाच्या 325 पैकी 203, दुसऱ्याच्या 285 पैकी 118, तिसऱ्याच्या 706 पैकी 178, कर्मचाऱ्यांच्या 885 पैकी 212. वाचण्याची शक्यता कोणाची जास्त, एवढंच विचारलं. एक मुलगी म्हणाली, कर्मचाऱ्यांची. 711 मध्ये 212, म्हणजे जवळजवळ 30 टक्के, बाकी कुठल्याही गटापेक्षा जास्त. आकडेमोड बिनचूक, पण उत्तर भलत्याच प्रश्नाचं. कर्मचाऱ्यांतले किती वाचले हे काढलं तर 24 टक्के, सगळ्यांत तळाला. पहिला वर्ग 62 वर. त्या दिवसापासून प्रत्येक टक्क्याशेजारी 'कोणापैकी' ते लिहायचं, नाहीतर मार्क नाही, असा नियमच केला.

परीक्षेतही तोच प्रश्न घातला: दोन्ही दिशांनी (ओळीच्या बेरजेपैकी आणि रकान्याच्या बेरजेपैकी) टक्केवारी काढा, इथे कुठली लागू आणि का ते लिहा. सहकाऱ्यांनी तो खोडला. "एका प्रश्नाला एकच उत्तर असावं." त्याजागी आलं, काय-स्क्वेअरची किंमत काढा. मुलांनी काढली, दोन दशांशांपर्यंत, पैकीच्या पैकी गुण. नंतर त्यांनाच तोंडी विचारलं, कोणाची शक्यता जास्त? बरेच जण म्हणाले, कर्मचाऱ्यांची!

अहो, ओळींच्या जागी रकाने करा, काय-स्क्वेअर तसाच राहतो. ज्या सूत्राला दिशाच कळत नाही, ते मुलांना दिशा काय शिकवणार? यावर ते म्हणाले, मग हे भाषेच्या तासाला शिकवा.

असो. आधी नुसत्या संख्या, मग कडेच्या बेरजा, मग टक्के. त्यानंतर विचारायचं, वर्गाचा आणि वाचण्याचा काही संबंधच नसता तर पहिल्या वर्गातले किती वाचले असते? एकूण 32.3 टक्के वाचले, म्हणून 325 मधले साधारण 105. प्रत्यक्षात 203. अपेक्षित वारंवारता मुलांनी सूत्राशिवाय काढली की नाही? आता खुशाल काय-स्क्वेअर शिकवा. एक्सेलचं पिव्होट टेबल (यादीवरून असा तक्ता आपोआप करून देणारी सोय) पुरतं, पण पहिला तक्ता हातानेच भरून घ्या.

हो, एक राहिलं. वर 'तळाला' म्हटलंय, त्यावरही लगेच विसंबू नका. पुरुष-स्त्रिया वेगळ्या केल्या की कर्मचारी पुरुष 22 टक्के वाचलेले दिसतात, तिसऱ्या वर्गातले 17. स्त्रियांत 87 विरुद्ध 46. दोन्हीकडे कर्मचारी वर, आणि एकत्र केले की खाली, कारण 885 मध्ये स्त्रिया अवघ्या 23. (त्यामुळे ते 87 फार ताणू नका.) चार ओळींच्या त्या तक्त्याचा काय-स्क्वेअर काढून हे कुठे दिसतं, ते आमच्या सहकाऱ्यांनी एकदा दाखवावंच.