लंडनची रोनन पॉइंट इमारत एका चहापायी कोसळली, हे खरं आहे का?

चहा निमित्त झाला, दोष बांधकामाचा होता. पूर्व लंडनमधली ही 22 मजली सरकारी भाड्याच्या घरांची इमारत, लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झालेले. 16 मे 1968 ला पहाटे पावणेसहाच्या सुमारास अठराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी चहासाठी काडी ओढली. शेगडीच्या जोडणीतला पितळी नट सदोष होता, रात्रभरात गॅस साचलेला. स्फोट तसा फार मोठा नव्हता, पण बाहेरची भिंत उडाली. खांब नव्हतेच, कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतीच वरचे मजले पेलत होत्या. मग वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या भाराने खालचेही, पार तळापर्यंत.

चौघे गेले. त्या बाई मात्र वाचल्या! पडला तो बैठकीच्या खोल्यांचा कोपरा, आणि त्या वेळी बहुतेक लोक आत झोपायच्या खोलीत होते. तासा-दोन तासांनी झालं असतं तर? विचारच नको.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. कोपरा पुन्हा बांधून तिथे परत माणसं राहायला आणली. 1986 मध्ये इमारत उतरवताना सांध्यांत मसाल्याऐवजी चक्क वर्तमानपत्रं कोंबलेली निघाली.