४५ आणि २८ मिळून ७३ का होत नाहीत

ताई, तुमचा प्रश्न असा: मामींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी बाहेरून किरणांच्या २५ शेकांत ४५ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं माप) झाले, आता आतून, म्हणजे गर्भाशयात नळी बसवून, ७ ग्रे चार वेळा. एकूण ७३. नेटवर तर ८५ लागतात असं लिहिलंय, मग डोस कमी पडतोय का? शिवाय पहिल्या खेपेला मशीन आठ मिनिटं चाललं आणि आठवड्याने साडेआठ, ते का?

डोस कमी पडत नाहीये. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, म्हणजे किरणांच्या डोसाचा हिशोब करणारा, बरीच वर्षं हेच प्लॅन करतोय. या बेरजेत नवे रेसिडेंटसुद्धा फसतात.

रोज थोडे थोडे करून दिलेले ७ ग्रे आणि एका बैठकीत दिलेले ७ ग्रे पेशींना सारखे लागत नाहीत. एकदम दिलेले जास्त लागतात. म्हणून आम्ही दोन्ही आकडे ‘रोज २ ग्रे दिले असते तर किती झाले असते’ या एकाच मापात आणतो. गाठीसाठी या मापात बाहेरचे ४५ म्हणजे साधारण ४४, आणि आतले २८ म्हणजे जवळपास ४०. झाले ८४. नळीला लागून असलेल्या भागाला तर याहून कितीतरी जास्त मिळतो.

डोकेदुखी असते ती गुदाशय आणि मूत्राशयाची. एकदम दिलेला डोस त्यांना गाठीपेक्षाही जड जातो. त्यांच्या भिंतीचा सगळ्यात जास्त डोस मिळणारा २ सीसी भाग, म्हणजे अर्धा चमचासुद्धा नाही, आम्ही धरतो. गुदाशयाला त्याच मापात, बाहेरचे-आतले मिळून, ७५ च्या वर जाऊ द्यायचं नाही, ६५ मध्ये बसलं तर उत्तम. मूत्राशयाला तेच ९० आणि ८०.

एकदा एका बाईंच्या तिसऱ्या खेपेला सीटी बघितला तर मागच्या बाजूचं गॉजचं पॅकिंग (गुदाशय लांब ठेवायला भरलेली पट्टी) सैल, गुदाशय ॲप्लिकेटरला, म्हणजे त्या नळीला, चिकटलेला. २ सीसीला ५.८ ग्रे येत होते. चारही वेळा तेवढे गेले असते तर बाहेरचे धरून गुदाशयाचा हिशोब ८४ वर पोचला असता. डॉक्टरांना फोन केला, ते थोडे वैतागले, पण पुन्हा पॅकिंग केलं. नवा सीटी, नवा प्लॅन, ४.१. चारही खेपांना एवढेच धरले तर बाहेरच्यांसकट ६६-६७ होतात. म्हणून ‘मागचाच प्लॅन चालवा’ म्हटलं की मी अडून बसतो. आतड्यातला गॅस, मूत्राशय, नळीचा कोन, दर वेळी काहीतरी हललेलं असतंच.

मिनिटांचं सोपं आहे. मशीनमध्ये बहुधा इरिडियम हा किरण देणारा धातू असेल. त्याची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते, म्हणजे रोज साधारण एक टक्का घट. आठवड्यात आठाचे साडेआठ होणारच. डोस तोच राहतो.

डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: गाठीच्या भागाचा ‘डी नाइन्टी’ (गाठीच्या ९० टक्के भागाला किमान मिळणारा डोस) किती आणि गुदाशय-मूत्राशयाचे ‘टू सीसी’चे एकूण आकडे किती. आणि लग्नकार्यासाठी तारीख पुढे ढकलू नका. पहिल्या शेकापासून शेवटच्या खेपेपर्यंत सगळं आठ आठवड्यांत बसायला हवं.

हो, पॅकिंग काढताना फार दुखतं असं बऱ्याच जणी सांगतात. त्याआधी दुखण्याचं इंजेक्शन देतील का, हे सिस्टरना आदल्या दिवशीच विचारून ठेवा.